आधी बशी, मग पेला

"तुझी रास कोणती?"

सात वर्षांच्या नोकरीत मी हा प्रश्न जितक्या लोकांना विचारला, तितक्यांना एखाद्या ज्योतिष्यानंही विचारला नसेल. समोरचा काउंटरवर कोपर टेकवून, आवाज मुद्दाम जाड करून सांग्रिया, म्हणजे फळं घातलेली वाइन, मागत असायचा. पुढ्यात टाकलेल्या लायसन्सवर वय चोवीस आणि ओठावर धड मिसरूडही नाही. अमेरिकेत एकविशीच्या आत दारू मिळत नाही, म्हणून खोटं लायसन्स वापरणारी मुलं त्यावरची जन्मतारीख घोकून येतात, पण त्या तारखेची रास कोणती हे बघायचं त्यांना सुचत नाही. खऱ्या वयाचा माणूस ‘स्कॉर्पिओ’ म्हणून पटकन सांगून मोकळा होतो, कारण पेपरातलं भविष्य अमेरिकेतही सगळे चोरून वाचतात. खोटा माणूस छताकडे बघतो. छताकडे बघितलं, की मी त्याच्यापुढे लिंबाचं सरबत ठेवायची.

‘परदेशातल्या नोकरीचे अनुभव लिहा’ असं या अंकाच्या संपादकांनी कळवलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा कॉम्प्युटर असावा. माझ्यापुढे बीअरचा नळ होता. २००१ ते २००८ मी फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन या गावी एका बारमध्ये काम केलं, आधी स्वयंपाकघरात आणि नंतर काउंटरमागे. एवढ्या वर्षांत दारूचा एक थेंब पोटात गेला नाही. नाकाने मात्र मी आजही शेरी नावाची कडक वाइन कोणती आणि व्हिनेगर झालेली वाइन कोणती ते सांगू शकते.

सेंट ऑगस्टीन हे स्पॅनिश लोकांनी वसवलेलं फार जुनं गाव. समोरून घोडागाडी आली तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागेल अशा गल्ल्या, लाकडी सज्जे, शिंपल्यांच्या दगडात बांधलेला किल्ला. दिवसा तिथे जुन्या स्पॅनिश शिपायांच्या आणि समुद्री चाच्यांच्या वेशात माणसं हिंडतात, पर्यटक त्यांच्यासोबत फोटो काढतात. संध्याकाळी कंदील घेऊन भुतांच्या सहली निघतात. मंडळी आधी हौसेने घाबरून घेतात आणि मग भीती घालवायला बारमध्ये शिरतात. आमचा अर्धा धंदा भुतांच्या आशीर्वादाने चालायचा.

बारची मालकीण अमालिया ही मूळची स्पेनमधल्या ग्रनाडा शहरातली. अमेरिकन नौदलातल्या माणसाशी लग्न करून ती इकडे आली होती. मी तिला भेटले तेव्हा ती साठीची होती आणि विधवा होती. अंगणात अंजिराचं झाड, त्याखाली पाच टेबलं, आत लाकडी काउंटर आणि दहा उंच स्टुलं, एवढाच तिचा संसार. माझा नवरा विवेक गावाबाहेरच्या एका कारखान्यात इंजिनियर होता. आमचं ग्रीन कार्ड नुकतंच हातात आलं होतं आणि घरात बसून मला वेड लागायची पाळी आली होती. ‘स्वयंपाकघरात मदतनीस पाहिजे’ अशी पाटी दिसली आणि मी आत शिरले. अमालियाने मला बटाटे सोलायला दिले, मी सोलले. पालक घालून छोले करायला दिले. ते करताना मी लसूण जरा सढळ हाताने घातला, तेव्हा तिने मला मिठीच मारली. तिचं इंग्रजी तोडकंमोडकं आणि माझं पुस्तकी. भांडणं ती स्पॅनिशमध्ये आणि मी मराठीत करत असे, त्यामुळे कधी काही बिघडलं नाही.

वर्षभराने आमचा बारटेंडर पाय मोडून घरी बसला आणि अमालियाने मला ओढून काउंटरमागे उभं केलं. मी केमिस्ट्रीची बी.एस्सी. मापाने ओतणं मला नवीन नव्हतं. पण पहिल्याच संध्याकाळी मी एक मोठी चूक केली.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. ग्रनाडात अशी रीत आहे, की तुम्ही पेला मागवलात की त्याच्याबरोबर खाण्याची एक छोटी बशी आपोआप येते. ती मागायची नसते, तिच्यात काय असेल ते बारवाले ठरवतात आणि तिचं बिल होत नाही. या बशीतल्या पदार्थांना टापास म्हणतात. आपल्याकडचा चखणाच, पण जरा मायेने केलेला. अमालियाने ही रीत इथेही चालू ठेवली होती. पेला आधी, बशी मागून किंवा सोबत. मला हा क्रम कुणी सांगितलाच नव्हता. माझ्यापुढे माणूस येऊन बसला, की माझे हात आपले घरच्या सवयीने चालायला लागले. आधी पाण्याचा ग्लास, मग खायला काहीतरी, आणि मग, ‘बोला, काय घेणार?’ पाहुण्याला काही न देता आधी विचारायचं असतं हे मला कधी शिकवलेलंच नव्हतं.

"हे मी मागवलेलं नाही," एक गृहस्थ म्हणाले.

"माहीत आहे. खा," मी म्हटलं.

अमालिया दारातून बघत होती. मला वाटलं, आता ही ओरडणार. पण बार बंद करताना ती म्हणाली, "आज कोणी ओरडलं नाही, कोणी पडलं नाही. उद्याही असंच कर." झालं. तेव्हापासून आमच्या बारचा नियमच झाला, आधी बशी, मग पेला. बशीतलं काही पोटात गेल्याशिवाय माझ्या हातून कुणाला थेंब मिळाला नाही. नवीन पर्यटक बावचळायचे. जुनी गिऱ्हाइकं त्यांना दटावून सांगायची, "खाऊन टाका, ती ऐकणार नाही."

लोकांना वाटतं, बारटेंडरचं काम दारू देण्याचं. द्यायला काय, नळ फिरवला की झालं. खरं कसब आहे ते थांबवण्याचं. माणूस झिंगला हे तो झुलायला लागल्यावर कळून उपयोग नाही, त्याच्या दोन पेले आधी कळलं पाहिजे. तीच गोष्ट तो दुसऱ्यांदा सांगायला लागतो. पेला खाली ठेवताना वाजू नये म्हणून फार जपून ठेवतो. उगाचच माफी मागतो. अशा वेळी ‘तुम्हाला चढली आहे’ असं चुकूनही म्हणायचं नाही. ‘आत नवीन भाजी केली आहे, जरा चव बघून सांगता का?’ असं म्हणायचं. आपलं मत विचारलं की माणूस ताठ बसतो. तो खाईपर्यंत वीस मिनिटं जातात, तेवढ्यात टॅक्सी येते. गाडीच्या किल्ल्या आधीच माझ्यामागच्या खुंटाळ्यावर गेलेल्या असतात.

तरी मी एकदा चुकले. टाय-बिय लावलेले, छान बोलणारे एक गृहस्थ आले होते. बशी रिकामी दिसली म्हणून मी शेरी दिली, आणखी एकदा दिली. त्यांनी खाणं रुमालात गुंडाळून खिशात टाकलं होतं आणि येतानाच ते कुठेतरी पिऊन आले होते, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांनी गाडी खाडीकाठच्या कठड्यावर घातली. हात मोडला. रस्त्यावर त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं, एवढं नशीब. आठवडाभर मला झोप लागली नाही. त्यानंतर मी बशीकडे बघणं सोडलं आणि तोंड हलतंय का ते बघायला लागले.

गमतीची गिऱ्हाइकंही पुष्कळ. एकदा दीड-दोन तासांवरच्या विद्यापीठातली आपली चार मराठी मुलं आली. अंजिराखाली बसली आणि माझ्या तोंडावर मनसोक्त बोलायला लागली.

"यार, ही आंटी सेम आमच्या शेजारच्या मावशींसारखी दिसते."

"मेक्सिकन असेल रे."

"आपण काही ऑर्डर केलं नव्हतं, हे काय ठेवून गेली?"

"खा ना गप. पण फोटो नको काढू हं. आईला कळलं ना, तर ती माझी डिग्रीच कॅन्सल करेल."

मी पाण्याचे ग्लास ठेवत म्हटलं, "नाही सांगत मी आईला. पण ते छोले आधी संपवा."

चौघांचे घास घशातच अडकले. त्यांच्यातला निखिल नावाचा नाशिकचा मुलगा खुर्ची पाडून उठला आणि "मावशी, सॉरी, व्हेरी सॉरी!" करत भर बारमध्ये माझ्या पाया पडला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं हीसुद्धा स्पॅनिश रीत असेल. पुढे ती मुलं दर महिन्या-दोन महिन्यांनी यायची. हिरवी मिरची घातलेलं माझं बटाट्याचं ऑम्लेट आणि एक एक बीअर, एवढीच त्यांची चैन होती.

या निखिलनेच पुढे माझ्या संसारात बाँब टाकला. त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

२००५ च्या नोव्हेंबरात माझे सासरे, म्हणजे अण्णा, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. अण्णा विट्याजवळच्या एका गावात हायस्कूलचे हेडमास्तर होते. त्यांचा थोरला भाऊ दारूने गेला, तेव्हापासून अण्णांनी शाळेइतकंच दारूबंदीचं काम केलं. दुकानासमोर धरणं, उपोषण, मोर्चा, सगळं करून झालं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी गावातल्या बायकांकडून आडव्या बाटलीचं मतदान करवलं. चिठ्ठीवर एक उभी बाटली आणि एक आडवी. निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला, की गावातलं दुकान बंद. अण्णांच्या गावात बाटली आडवी झाली होती आणि त्यांच्या आयुष्यातली ती सर्वांत अभिमानाची गोष्ट होती.

अशा माणसाची सून बारमध्ये.

मी काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही कळत होतं. लग्नानंतर माझं कॉलेज पुरं व्हावं म्हणून हाच माणूस रोज मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला यायचा. ‘सून कशाला शिकवता?’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना त्यांनी घरातून वाटेला लावलं होतं. माझ्या वडिलांपेक्षाही मी अण्णांना मानत होते. आणि तरीही, किंवा म्हणूनच, मी त्यांना खोटं कळवलं की मी एका उपाहारगृहात आहे. अमालियाने मला दुपारची पाळी दिली. अण्णा रोज जेवताना विचारायचे, "आज काय काय केलंस?" मी छोल्यांचं, कांद्यांचं, अंजिराच्या झाडाचं सांगायची. ते कौतुकाने ऐकायचे.

जानेवारीत जॅक्सनव्हिलच्या महाराष्ट्र मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता. निखिल आता तिथेच नोकरीला लागला होता. आम्हाला बघून तो हॉलच्या त्या टोकाकडून धावत आला.

"मावशी! किती दिवसांनी! आमचं पूर्ण ऑफिस घेऊन येतोय तुमच्या बारमध्ये. तुमच्या हातची सांग्रिया पाजतो सगळ्यांना!"

अण्णांच्या तळहातावर तिळगूळ होता. त्यांनी तो पुन्हा ताटात ठेवला.

घरी आल्यावर त्यांनी कोट काढून खुंटीला लावला आणि म्हणाले, "विवेक, माझं तिकीट बदल. मिळेल त्या तारखेचं घे." मग माझ्याकडे वळले. "तू दारू देतेस याचा राग आहेच. पण दोन महिने रोज माझ्यासमोर बसून खोटं बोललीस, ते जास्त लागलं. इथून निघेपर्यंत मी या घरातलं अन्न घेणार नाही. काम सोडलंस तर गोष्ट वेगळी."

"खोट्याबद्दल माझं चुकलं अण्णा. फार चुकलं," मी म्हटलं. "पण काम नाही सोडणार. कुणी डोळे वटारले म्हणून हातातलं काम टाकायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

"ते शिक्षणाबद्दल होतं."

"मला सगळ्याच कामाबद्दल वाटलं."

रात्री विवेक म्हणाला, "अगं, चार दिवस सुट्टी घे ना. अण्णा गेले की पुन्हा कंटिन्यू कर."

एका खोट्यावर दुसरं खोटं, म्हणून मी त्याच्यावर उखडलेच. पण सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस एवढा समुद्र ओलांडून एकदा आला होता. तो असा रागाने परत गेला, तर पुन्हा भेट होणार होती का? त्यांचं तोंड माझ्याकडून फिरलेलंच राहणार होतं, जन्मभर. मला नोकरी हवी होती आणि अण्णाही हवे होते, आणि दोन्ही कसे मिळतील ते काही सुचत नव्हतं.

रविवार, सोमवार अण्णांनी लिंबूपाण्यावर काढले. उपोषणात ते मुरलेले होते, अकरा दिवसांचा त्यांचा स्वतःचा विक्रम होता. माझ्याच्याने मात्र घरात डाळसुद्धा शिजवली जाईना. मंगळवारी सकाळी ते पुठ्ठ्याची पाटी आणि चटई काखेत घेऊन तयार. धोतर, कोट, मफलर, डोक्यावर टोपी.

"विवेक, मला त्या बारसमोर सोड. मी धरणं धरणार आहे."

आमच्याकडे गाडी एकच. त्यामुळे मी कामाला आणि अण्णा माझ्या कामाविरुद्ध धरण्याला, असे दोघे एकाच गाडीतून निघालो. विवेकचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. उतरताना अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "स्वेटर विसरलीस मागच्या सीटवर." मग ते बारच्या दारासमोर, रस्ता सोडून, चटई अंथरून बसले. पाटीवर हेडमास्तरी वळणदार इंग्रजी अक्षरात लिहिलं होतं:

प्लीज डू नॉट ड्रिंक.
युअर फॅमिली इज वेटिंग फॉर यू.

अमालियाने खुर्ची आणून दिली, ती त्यांनी नमस्कार करून नाकारली. गस्तीवरचा पोलीस आला, पाटी वाचून म्हणाला, "चालणाऱ्यांना वाट राहू द्या म्हणजे झालं," आणि निघून गेला. मग अण्णांनी कल्पनाही केली नव्हती असं संकट आलं. त्या गावात वेश करून बसलेली माणसं ही पर्यटकांची करमणूक असते, हे मी वर सांगितलंच आहे. धोतर-टोपीतला हा ऐटबाज म्हातारा बघून लोकांची रीघ लागली. घोडागाडीवाल्याने गाडी हळू केली. शिपायाच्या वेशातला एकजण त्यांच्या शेजारी बंदूक धरून फोटोला उभा राहिला. एका बाईंनी वाकून आदराने विचारलं, "आपण कोणत्या शतकातले?"

"ट्वेंटिएथ, मॅडम," अण्णा म्हणाले.

आणि फोटो काढून झाल्यावर ती सगळी मंडळी आत येऊन बसायला लागली. मंगळवारी दुपारी एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. अण्णांना ते दिसत होतं. ते आणखी ताठ बसले. मी आतून दर दहा मिनिटांनी बघत होते. त्यांचे ओठ सुकले होते.

चार वाजता रे आला. रे म्हणजे आमचं रोजचं गिऱ्हाईक. सत्तरीचा, उंच, वाकलेला. पूर्वी कोळंबीच्या बोटीवर होता. रोज चारला यायचा, एक बशी आणि दोन बीअर घ्यायचा, फारसं बोलायचा नाही. दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. त्याने पाटी सावकाश वाचली.

"माझ्या घरी कोणी वाट बघत नाही, सर," तो म्हणाला. "बायको जाऊन तीन वर्षं झाली."

अण्णा म्हणाले, "माझी दोन."

"सॉरी."

"पण म्हणून दारू प्यायची?"

"मी जेवायला येतो," रे म्हणाला. "ती आत उभी आहे ना, ती खाल्ल्याशिवाय बीअर देत नाही. घरी मी काही शिजवत नाही. दिवसभरातलं माझं जेवण हेच." मग त्याने अण्णांकडे नीट बघितलं. "तुम्ही जेवलात का?"

"माझं उपोषण आहे. तिसरा दिवस. ती माझी सून आहे."

रेने टोपी काढली आणि गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत, अण्णांच्या चटईच्या कडेवर बसला. "मग मीही थांबतो," तो म्हणाला. "तुम्ही खाल, तेव्हा मी खाईन."

अण्णांनी आयुष्यभर दारुड्यांचे शिव्याशाप ऐकले होते, एकदा डोक्यात दगडही खाल्ला होता. पण त्यांच्याच शेजारी बसून कोणी उपोषण केलं नव्हतं. आधी ते खूश झाले असावेत, कारण धरण्याला यश आलं होतं, एक माणूस प्यायला आत गेला नव्हता. सव्वाचार झाले, साडेचार झाले. मी बशी घेऊन दारात गेले. रेने नुसती मान हलवली. पाच वाजता थंडी वाढली आणि त्याचे हात थरथरायला लागले.

"तुम्ही आत जा आणि खा," अण्णा म्हणाले.

"तुम्ही?"

"माझं तत्त्व आहे."

"माझं तसं काही नाही," रे म्हणाला. "पण भुकेल्या माणसासमोरून मी जेवायला कसा जाऊ?"

अण्णा त्या थरथरत्या हातांकडे बघत राहिले. सव्वापाचला ते उठले. रेला हाताला धरून उठवलं आणि दोघे एकमेकांचा आधार घेत उंबरठा ओलांडून आत आले. बारमध्ये अण्णांचं पाऊल पडण्याची ती आयुष्यातली पहिलीच वेळ. त्यांची नजर भिंतीवरच्या वाइनच्या कपाटावर गेली आणि तिथेच खिळली.

"इथं सगळ्या बाटल्या आडव्या?"

"बूच ओलं राहावं म्हणून ठेवतात, अण्णा."

ते मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटले. मला वाटतं ते हसले, पण मी पैजेवर सांगणार नाही.

मी दोघांपुढे दोन बशा ठेवल्या, पालक-छोले आणि पाव. रे थांबून राहिला. बारमधले सगळे थांबून राहिले. अण्णांनी डोळे मिटले, पाण्याचा घोट घेतला आणि पहिला घास खाल्ला. मग दुसरा. मग म्हणाले, "मीठ कमी आहे." मी मीठ आणायला म्हणून मागच्या खोलीत गेले आणि अमालियाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

रेने बशी संपवल्यावर मी त्याला बीअर दिली. मुद्दाम अण्णांच्या देखत दिली, आता लपवायचं काहीच नव्हतं. अण्णा बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "देताना कधी चुकलीस का?"

मी त्यांना ते टायवाले गृहस्थ, तो रुमाल, तो कठडा, सगळं सांगितलं. घरात विवेकलाही मी एवढं कधी सांगितलं नव्हतं.

त्यांनी ऐकून घेतलं. बशी पावाने पुसली. मग हळू आवाजात म्हणाले, "शुभा, मी तीस वर्षं दुकानांच्या दारात बसलो. आत जाणाऱ्या एकालाही ‘जेवलास का’ म्हणून विचारलं नाही. दादालासुद्धा नाही." दादा म्हणजे त्यांचा तो थोरला भाऊ. मी त्यांच्या ग्लासात पाणी ओतलं. तेवढ्यात हेडमास्तर जागे झाले. "पण हे काम मला पटलेलं नाही. लक्षात ठेव. पटणारही नाही."

तिकीट बदललं नाही. एप्रिलपर्यंत अण्णा आठवड्यातून तीन-चार वेळा चारच्या ठोक्याला बारमध्ये यायचे. कोपऱ्यातल्या स्टुलावर रेच्या शेजारी बसायचे, लिंबाचं सरबत प्यायचे आणि त्याला दारूचे दुष्परिणाम क्रमवार सांगायचे. रे "यस सर" म्हणायचा आणि त्याच्या दोन बीअर प्यायचा. अण्णांचा विजय एवढाच, की कधी कधी त्या दोनाची एक व्हायची. पुठ्ठ्याची पाटी अमालियाने मागून घेतली. अण्णांच्या परवानगीने वरची ओळ कापली आणि खालची ओळ किल्ल्यांच्या खुंटाळ्यावर लावली. किल्ल्या काढून घेताना मला पुढे तिचा फार उपयोग झाला.

एप्रिलमध्ये आम्ही त्यांना जॅक्सनव्हिलच्या विमानतळावर सोडायला गेलो. सोबतीला मंडळातल्या एक काकू त्याच विमानाने होत्या. वेळ घालवायला त्यांनी विचारलं, "अण्णा, तुमची सून काय करते हो इकडे?"

विवेक घाईघाईने म्हणाला, "फूड इंडस्ट्री..."

"बारमध्ये असते," अण्णा म्हणाले. "दारू देते. मला न आवडणारं काम आहे, पण चांगलं करते."

काकूंनी आपली पर्स छातीशी धरली. त्यांना अण्णांशेजारी बसून पार मुंबईपर्यंत जायचं होतं.

मी नमस्काराला वाकले ते वर उठवेना. अण्णांनी डोक्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून एकदम कडक आवाजात म्हणाले, "अगं, दोन वाजून गेले. ऊठ. चारला रे येईल. तू इथं रडत बसलीस तर त्याला खायला कोण घालणार? जा, पळ कामाला."